एक मायक्रोफॅरड

चेतापेशींच्या विजेवर काम करणाऱ्या माणसाला "तुम्ही नेमकं काय मोजता?" असं विचारलं, की तो बहुधा चॅनलचं, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या आयनांच्या दाराचं, नाव सांगतो. कुणाचा सोडियम, कुणाचा पोटॅशियम, कुणी कॅल्शियम चॅनलचा एखादा उपप्रकार धरून वर्षानुवर्षं बसलेला. मी कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजत आले. चॅनल ज्यात रुतलेले असतात ते मेंब्रेन, म्हणजे पेशीचं आवरण, किती आहे, एवढंच. परिषदांमध्ये माझ्या पोस्टरसमोर लोक थबकायचे, "अच्छा, कपॅसिटन्स" म्हणायचे आणि शेजारच्या रंगीत पोस्टरकडे सरकायचे. त्यांचा राग नाही. चॅनल उघडतात, मिटतात, विषाने बंद पडतात, त्यांच्या जनुकात बिघाड झाला की आजार होतात. कपॅसिटन्सला असलं काही नाटक नाही.

निवृत्तीनंतर लिहायला बसले तर पहिली पोस्ट त्याच्यावरच, हे मात्र ठरलेलं होतं.

आकडा साधा आहे: दर चौरस सेंटीमीटर मेंब्रेनला साधारण एक मायक्रोफॅरड (फॅरड हे कपॅसिटन्सचं एकक). स्क्विड या समुद्री प्राण्याचा चेतातंतू, म्हणजे जाडजूड अ‍ॅक्सॉन घ्या, तांबडी रक्तपेशी घ्या, सी अर्चिनचं अंडं घ्या, उंदराच्या मेंदूतली पेशी घ्या, उत्तर एकच्या आसपास घुटमळतं. मेंब्रेन म्हणजे मेदाचे दोन थर, आत-बाहेर खारं पाणी. दोन वाहकांच्या मध्ये एक पातळ विद्युतरोधक, म्हणजे शाळेत शिकलेला कपॅसिटरच. थर जितका पातळ तितका कपॅसिटन्स जास्त. म्हणून हा आकडा हाती आला की जाडीही हाती येते.

ह्यूगो फ्रिकने १९२५ साली हेच केलं. रक्तपेशी द्रवात तरंगत ठेवल्या, त्यातून निरनिराळ्या फ्रीक्वेन्सीचे प्रवाह सोडले आणि मेंब्रेनचा कपॅसिटन्स काढला ०.८१ मायक्रोफॅरड. त्यावरून जाडी आली ३.३ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप अजून जन्मायचा होता. पेशीला मेंब्रेन नावाची वेगळी वस्तू असते की नाही यावरच लोक भांडत होते, आणि या गृहस्थाने एका ब्रिज सर्किटच्या (रोध तोलून मोजणाऱ्या जोडणीच्या) जोरावर रेणूच्या मापाची जाडी सांगून टाकली. आजही हा आकडा सांगताना मला गुदगुल्या होतात.

एक गणित करून पाहा. पेशीच्या आत-बाहेर ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. किरकोळ वाटतो. पण तो तीन-चार नॅनोमीटरच्या जाडीवर पडतो, म्हणजे मीटरला सुमारे दोन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत तीस लाखांना ठिणगी पडते. आपलं मेंब्रेन त्याच्या सहा-सात पट ताण जन्मभर सहन करतं.

या क्षेत्राचा खरा संस्थापक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी केनेथ कोलचं नाव घेते आणि समोरचा बहुधा बुचकळ्यात पडतो. पाठ्यपुस्तकांत चेतापेशीच्या विजेचं गणित मांडणारे हॉजकिन आणि हक्सली असतात, ते असायलाच हवेत. कोल एखाद्या तळटीपेत.

कोल मूळचा भौतिकशास्त्राचा. जन्म १९००, कॉर्नेलमधून १९२६ साली पीएचडी. जीवशास्त्रात तो शिरला तो मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या वूड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेतून. उन्हाळ्यात तिथे अमेरिकेतले निम्मे शरीरक्रियाशास्त्रज्ञ गोळा व्हायचे. कोलने सी अर्चिनची अंडी घेतली. गोल, एकसारखी, हजारोंनी मिळणारी. जीवशास्त्रज्ञाला त्यात गर्भ दिसतो, कोलला सर्किट दिसलं. गोलांच्या मिश्रणाचा रोध कसा काढायचा याचं सूत्र मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. कोलने ते अंड्यांना लावलं. इथेही आकडा एकच्या घरातला.

पुढची दहा वर्षं तो कोलंबियाच्या मेडिकल कॉलेजात बसून हेच करत राहिला. निरनिराळ्या पेशी, निरनिराळे ऊतक, तोच ब्रिज, तेच तक्ते. मेंब्रेन हा आदर्श कपॅसिटर नाही, आलेखात अर्धवर्तुळ यायला हवं तिथे जरा दबलेला कंस येतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्या कंसाचं समीकरण त्याने धाकटा भाऊ रॉबर्ट याच्याबरोबर १९४१ साली मांडलं. कोल-कोल समीकरण. पॉलिमरवाले आणि रंगांवर काम करणारे इंजिनियर ते रोज वापरतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना वाटतं की एकाच माणसाचं नाव चुकून दोनदा छापलंय.

आता १९३८ चा उन्हाळा. दोन वर्षांपूर्वी जे. झेड. यंगने दाखवून दिलं होतं की स्क्विडच्या अंगातले ते जाड पांढरे दोरे रक्तवाहिन्या नाहीत, एकेक सबंध अ‍ॅक्सॉन आहेत. अर्धा मिलिमीटर व्यासाचे. त्या आधी चेतातंतू म्हणजे केसाहून बारीक मामला. कोल आणि हॉवर्ड कर्टिस यांनी असा एक अ‍ॅक्सॉन दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ठेवला, ब्रिज संतुलित केला, म्हणजे ऑसिलोस्कोपवर नुसती बारीक रेघ. मग तंतूच्या एका टोकाला विजेचा हलका झटका. आवेग, म्हणजे चेतातंतूतला विजेचा संदेश, धावत इलेक्ट्रोडच्या मधून गेला आणि ती रेघ फुगली. एका क्षणात रुंद पट्टा झाली आणि सावकाश पुन्हा बारीक झाली. ब्रिजचं संतुलन बिघडलं होतं, म्हणजे मेंब्रेन बदललं होतं. फोटोत या पट्ट्यावरच आवेगाची रेघही चढवलेली आहे. मी शिकवत असताना तो फोटो भिंतीवर टाकायचे आणि पाच मिनिटं काहीच बोलायचे नाही. मुलं चुळबुळ करायची, पण मग कुणीतरी विचारायचंच, "हा पट्टा आवेगाच्या नंतर का फुगतोय?" म्हणजे आवेग चढायला लागल्यावर रोध कोसळतो, आधी नाही. तेवढं दिसलं की तास वसूल.

आकडे असे: शांत असताना मेंब्रेनचा रोध सुमारे १००० ओहम-चौरस सेंटीमीटर, आवेगाच्या शिखरावर २५ च्या आसपास. चाळीस पट घसरण. आणि कपॅसिटन्स? दोनेक टक्के हलला.

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हा दोन टक्केवाला आहे, चाळीस पटवाला नव्हे. त्या काळी जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नस्टाइनचा १९०२ चा सिद्धांत चालायचा: आवेगाच्या वेळी मेंब्रेनची निवडक वृत्ती क्षणभर कोलमडते आणि सगळे आयन मोकाट सुटतात. पण मेंब्रेनच विस्कटत असतं तर कपॅसिटन्सही विस्कटला असता. तो जागच्या जागी आहे. याचा अर्थ भिंत शाबूत आहे, दरवाजे उघडताहेत, आणि दरवाजे भिंतीच्या मानाने अगदी थोडी जागा व्यापतात. चॅनल हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी हे त्या एका फोटोत होतं. नंतर मोजणी झाली तेव्हा स्क्विडच्या अ‍ॅक्सॉनमध्ये एका चौरस मायक्रोमीटरला काहीशे सोडियम चॅनल निघाले. एकेक प्रथिन दहाएक नॅनोमीटर रुंद धरलं, तरी सगळी मिळून जागा जेमतेम काही टक्के, आणि त्यातलं प्रत्यक्ष भोक तर त्याहून किती बारीक.

त्या उन्हाळ्यात केंब्रिजचा अ‍ॅलन हॉजकिन वूड्स होलला आला होता. त्याने हे पाहिलं, कोलबरोबर अ‍ॅक्सॉनचा रोधही मोजला आणि परत गेला. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या प्लिमथमध्ये त्याने अँड्र्यू हक्सलीबरोबर अ‍ॅक्सॉनच्या आतच इलेक्ट्रोड सरकवला. शिखरावर आतली बाजू शून्यावर न थांबता चांगली चाळीसेक मिलिव्होल्ट धन झालेली दिसली. बर्नस्टाइनप्रमाणे ती शून्यावर थांबायला हवी होती. मग महायुद्ध.

कोलच्या वहीतली एक गोष्ट मला फार आवडते. १९४१ साली त्याने आणि रिचर्ड बेकरने अ‍ॅक्सॉनचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मोजला तर त्यात इंडक्टन्स निघाला, सुमारे ०.२ हेन्री-चौरस सेंटीमीटर. इंडक्टन्स म्हणजे तारेचं वेटोळं. दोन मेदाच्या थरांत वेटोळं कुठून येणार? कोलने मोजमाप पुन्हा पुन्हा तपासलं, इंडक्टन्स जाईना. शेवटी त्याने तो जसा दिसला तसा छापला. मला इथे त्याच्याबद्दल खरा आदर वाटतो. उत्तर अकरा वर्षांनी हॉजकिन-हक्सलींच्या समीकरणांतून आलं. व्होल्टेज बदललं की पोटॅशियमची वाट जरा उशिराने उघडते. आणि व्होल्टेजच्या मागून रेंगाळत वाढणारा प्रवाह बाहेरून पाहणाऱ्याला हुबेहूब इंडक्टरसारखा दिसतो. वेटोळं नव्हतं, विलंब होता.

युद्धात कोल शिकागोला अणुप्रकल्पाच्या जीवशास्त्र विभागात गेला. युद्धानंतर, १९४७ साली, त्याने जॉर्ज मारमाँटच्या मदतीने तो प्रयोग केला ज्याच्यावर आमचं सगळ्यांचं पोट भरलं. मारमाँटने अ‍ॅक्सॉनमध्ये लांब तार घालून सगळ्या लांबीवर एकसारखं व्होल्टेज राहील असं केलं होतं आणि तो प्रवाह स्थिर ठेवत होता. कोलने हट्ट धरला की उलट करायचं. व्होल्टेज धरून ठेवायचं आणि त्यासाठी किती प्रवाह सोडावा लागतो ते पाहायचं.

फरक शब्दांत बारीक वाटतो, पण अख्खा विषय त्यावर उभा आहे. मोकळ्या अ‍ॅक्सॉनमध्ये व्होल्टेज बदललं की वाटा उघडतात, वाटा उघडल्या की व्होल्टेज आणखी बदलतं, आणि ते दुष्टचक्र हातात येण्यापूर्वीच आवेग निघून गेलेला असतो. व्होल्टेज दाबून धरलं की चक्र तुटतं. शिवाय कपॅसिटर व्होल्टेज बदलत असेल तेव्हाच प्रवाह घेतो. एकदा पायरी चढवली की तो क्षणभर घेऊन गप्प बसतो आणि उरलेला प्रवाह निव्वळ आयनांचा. म्हणजे व्होल्टेज क्लॅम्प ही मुळात माझ्या कपॅसिटन्सचं तोंड बंद करण्याची युक्ती आहे. हा विनोद मी आयुष्यभर केला आणि दरवेळी मीच हसले.

कोलला आधी आत जाणारा आणि मग बाहेर येणारा असे दोन प्रवाह दिसले. पण आतला इलेक्ट्रोड एकच होता. प्रवाह सोडायलाही तोच आणि व्होल्टेज वाचायलाही तोच. प्रवाह सोडला की इलेक्ट्रोड स्वतःच ध्रुवीभूत होतो आणि वाचन बिघडतं. हॉजकिन पुन्हा अमेरिकेत आला, हे त्याच्या कानावर गेलं, आणि प्लिमथला परतून त्यांनी दोन्ही कामांना वेगळ्या तारा वापरल्या. बाहेरच्या पाण्यातलं सोडियम काढून त्याजागी कोलीन घातलं, आत जाणारा प्रवाह गेला, आणि दोन प्रवाह कुणाकुणाचे हे उघड झालं. १९५२ चे पाच लेख त्यातून आले. हक्सलीने धावत्या आवेगाचं गणित हाताने फिरवायच्या ब्रुन्सव्हिगा यंत्रावर केलं, कारण विद्यापीठाचा संगणक त्या वेळी बंद होता. वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्षातला होता २१.२. त्या समीकरणांत पहिली संज्ञा कोणती आहे पाहा. कपॅसिटन्स, एक मायक्रोफॅरड. बाकी सगळे स्थिरांक त्यांनी झटून मोजले. हा कोलने आधीच देऊन ठेवला होता.

१९६३ चं नोबेल हॉजकिन, हक्सली आणि एकल्सना मिळालं. कोलला १९६७ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. अन्याय झाला असं म्हणणारे आहेत, मी त्यांत नाही. कोलने मेंब्रेनला "तुझा इम्पीडन्स काय?" असं विचारलं, हॉजकिन-हक्सलींनी "कोणता आयन?" असं विचारलं. दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. पण पहिला कुणी पंधरा वर्षं विचारत बसला नसता तर दुसरा सुचायला जागाच नव्हती.

माझ्या वाट्याला स्क्विड आला नाही. मी या क्षेत्रात आले तेव्हा नेहर आणि साकमान यांचा पॅच क्लॅम्प सगळीकडे पोहोचला होता. काचेची नळी तापवून ओढायची, टोक मायक्रोमीटरभर, पेशीला टेकवायचं आणि तोंडाने नळीतून हलकेच ओढायचं. तोंडाने, हो. लाखोंचा अँप्लिफायर, हवेवर तरंगणारं टेबल, आणि मुख्य उपकरण संशोधकाचे गाल. काच आणि मेंब्रेन असे चिकटतात की मधला रोध अब्जावधी ओहमवर जातो (हेच सील). स्क्रीनवरचा चौकोनी पल्स सपाट होतो तो क्षण एकदा पाहिला की माणूस या धंद्यातून सुटत नाही.

कोलच्या इलेक्ट्रोडचं भूत मात्र आमच्याही मानगुटीवर होतंच. पिपेटचं, म्हणजे त्या काचेच्या नळीचं, टोक इतकं अरुंद की त्याचाच रोध दहा मेगॅओहम. पेशीतून दोन नॅनोअँपिअर प्रवाह वाहिला तर टोकावरच वीस मिलिव्होल्ट खर्च होतात. यंत्र सांगतं शून्यावर धरलंय, पेशी असते भलतीकडेच. भरपाईचं बटण असतं, पण ते जास्त फिरवलं की सर्किट किंचाळायला लागतं आणि पेशी मरते.

कपॅसिटन्स मोजायची नेहर आणि मार्टी यांची १९८२ ची पद्धत मी उचलली. धरलेल्या व्होल्टेजवर एक छोटी साइन लहर चढवायची. रोधातून जाणारा प्रवाह लहरीच्या पावलावर पाऊल टाकतो, कपॅसिटरमधला नव्वद अंश पुढे असतो. लॉक-इन अँप्लिफायर दोघांना वेगळं करतो: एक रेघ कंडक्टन्सची (रोधाच्या उलट), एक कपॅसिटन्सची. याचा उपयोग असा: पेशी जेव्हा हॉर्मोन किंवा चेतारसायन बाहेर टाकते तेव्हा आतली एक पिशवी बाहेरच्या मेंब्रेनमध्ये मिसळते. मेंब्रेनचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे कपॅसिटन्स वाढतो. एका चौरस मायक्रोमीटरला दहा फेम्टोफॅरड. अधिवृक्क ग्रंथीच्या क्रोमॅफिन पेशीतली ३०० नॅनोमीटरची पिशवी मिसळली तर जेमतेम तीन फेम्टोफॅरडची पायरी, तीही सहा-सात पिकोफॅरडच्या पेशीवर. मेंदूतली चेतारसायनाची पिशवी ४० नॅनोमीटरची असते. तिची पायरी फेम्टोफॅरडचा विसावा भाग. अख्ख्या पेशीच्या गोंगाटात ती दिसत नाही, अनेक एकदम मिसळल्या तरच दिसतात.

एवढं बारीक मोजायचं तर सगळं जग शत्रू. पिपेट पाण्यात बुडालेली असते, तिच्या काचेचाही कपॅसिटन्स असतो, आणि पाण्याची पातळी केसभर वर चढली तरी तो वाढतो. म्हणून टोकाच्या मागे मेण किंवा सिलिकॉन लावायचं. पंपाने द्रावण आत-बाहेर खेळत असेल तर ट्रेसवर सुंदर, नियमित लाटा येतात आणि नव्या विद्यार्थ्याला वाटतं पेशी श्वास घेतेय.

"मॅडम, लवकर या, पायरी!"

"कंडक्टन्सचा ट्रेस बघितलास?"

"तोही... तोही वर गेलाय थोडा."

"मग पायरी नाही ती. सील हललंय. पुढची पेशी घे."

हा संवाद माझ्या प्रयोगशाळेत इतक्या वेळा झाला की शेवटी मुलांनी "कंडक्टन्स बघितलास?" असा कागद रिगवर चिकटवला. खरी पायरी आली की फक्त एकच रेघ हलते, दुसरी ढिम्म. १९३८ च्या फोटोचं हे बरोबर उलटं रूप. तिथे रोध हलला होता आणि कपॅसिटन्स ढिम्म होता.

चॅनलवाल्यांनाही माझ्याकडे यावंच लागायचं. चॅनलच्या आत विद्युतभार असलेले भाग असतात, व्होल्टेज बदललं की ते सरकतात, आणि त्यांच्या सरकण्याचा इवलासा प्रवाह आर्मस्ट्राँग आणि बेझानिया यांनी १९७३ साली पकडला. तो पकडायला आधी साध्या कपॅसिटन्सचा प्रवाह काटेकोरपणे वजा करावा लागतो. वजा करायची गोष्ट म्हणून का होईना, माझा विषय त्यांच्या प्रत्येक लेखात आहे.

आणि आता या वयात या कंटाळवाण्या आकड्यावरून भांडण सुरू झालंय. २००० साली जेंटेट आणि सहकाऱ्यांनी पेशीचं केंद्रकासकट मेंब्रेन ओढून काढून, म्हणजे चेतापेशीच्या फांद्यांची भानगडच नको म्हणून, गोळ्यावर मोजलं: ०.९. मग २०१६ मध्ये एका गटाने माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशींसाठी ०.५ असा आकडा दिला. खरा असेल तर मोठीच गोष्ट: निम्मा कपॅसिटन्स म्हणजे निम्म्या विद्युतभारात पेशी तितकीच चढते, संदेश फांद्यांमधून झपझप येतो. पण मेंब्रेन तर तेच मेदाचे दोन थर. ते माणसात अचानक दुप्पट जाड कशाला होतील? इतका फांद्यांचा पसारा असलेल्या पेशीत कपॅसिटन्स थेट मोजता येत नाही, मॉडेल बसवून काढावा लागतो, आणि मॉडेलमध्ये फांद्यांवरच्या काट्यांसारख्या बारीक उंचवट्यांचं क्षेत्रफळ किती धरलं यावर उत्तर बरंच हलतं. मी ०.९ च्या बाजूने आहे. परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, तिच्या गटाला माणसाचं ऊतक मिळायला लागलंय आणि ती केंद्रकवाल्या पद्धतीनेच मोजणार आहे. मी तिला पिपेटला मेण जरा जास्त लावायला सांगितलंय.